मौनाचे चीज

हंगेरीविषयी आपल्याकडच्या माणसाला जे थोडेफार ठाऊक असते ते बहुतेक लाल रंगाचे असते. गुलाश नावाचा लालभडक रस्सा, आपल्या तिखटासारखी दिसणारी पण जिभेला मुळीच न झोंबणारी पाप्रिका, आणि फुटबॉलच्या शौकिनांना आठवणारा तो पुश्काशचा लाल सदऱ्यांचा संघ, ज्याने १९५३ साली वेम्बलीच्या मैदानावर खुद्द इंग्लंडला ६-३ असे लोळवले होते. चीज हा पदार्थ या यादीत कुठेच बसत नाही. चीज खावे स्वित्झर्लंडात, फ्रान्समध्ये, हॉलंडात! हंगेरीत जाऊन चीजची चौकशी करणे म्हणजे कोल्हापुरात जाऊन बंगाली मिठाईचे दुकान शोधण्यासारखेच.

पण बुडापेस्टमध्ये चार दिवस काढले की एक गोष्ट शाकाहारी माणसाच्या ध्यानात येते. तुमची भूक भागते ती चीजवरच. न्याहारीच्या पावात फिकट पिवळ्या चीजचा काप असतो. रस्त्यावर ‘लांगोश’ मिळतो. आपल्या भटुऱ्याचा थोरला भाऊ शोभेल असा हा तळलेला पदार्थ. त्यावर लसणाचे पाणी, आंबट साय आणि वर तेच चीज किसून. खाणावळीत ‘शाकाहारी काय आहे?’ म्हणून विचारावे, तर वाढपी त्याच चीजची जाड वडी पावाच्या चुऱ्यात घोळवून, तळून आणून ठेवतो. शाळेत जाणाऱ्या पोराच्या डब्यात तेच, आगगाडीत शेजारी बसलेल्या आजीबाईंच्या कागदाच्या पुडीत तेच. त्याचे नाव ‘त्रापिश्ता’. हंगेरियन लिपीत ‘एस’ या अक्षराचा उच्चार ‘श’ होतो; म्हणूनच तिथली माणसे आपल्या राजधानीला ‘बुदापेश्त’ म्हणतात.

राजधानीच्या मोठ्या बाजारात मी या चीजची पहिली चौकशी केली. डॅन्यूब नदीच्या काठी, हिरव्या लोखंडी पुलाजवळ हा बाजार आहे. १८९७ साली तो उघडला. पेत्स शामू नावाच्या वास्तुशिल्पज्ञाने तो बांधला आणि छपरावर झोल्नाय कारखान्याची रंगीत कौले अशी काही बसवली की लांबून पाहावे तर एखादी पैठणी वाळत घातली आहे असे वाटावे. तळघरात लोणची आणि मासे, वर मिरच्यांच्या माळा, भाज्या, मध. दुधाच्या पदार्थांच्या गाळ्यावर एक पोक्त बाई उभ्या होत्या. मी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये विचारले, “यांतले अस्सल हंगेरियन चीज कोणते?” त्यांनी क्षणाचाही विचार न करता फिकट पिवळ्या गोल चकतीवर सुरी ठेवली. “त्रापिश्ता. आमचे, घरचे.”

आता त्रापिश्ता या शब्दाचा अर्थ ज्याला ठाऊक आहे त्याला या उत्तराचे हसू येईल. ट्रॅपिस्ट हे ख्रिस्ती साधू मुळात फ्रान्समधले. म्हणजे नाव फ्रेंच. आणि पुढे कळले की कृती बोस्नियातून आली, ती आणणारा ऑस्ट्रियन, आणि त्या वेळी तिथे राज्य तुर्कांचे! मलाही हसू आले. पण मग आपली उपासाची खिचडी आठवली. साबुदाण्याचा कंद, शेंगदाणा, बटाटा, हिरवी मिरची हे चारही पदार्थ अमेरिका खंडांतून समुद्र ओलांडून आले. तरी एकादशीला आपण त्यांना मोठ्या निष्ठेने ‘उपासाचे’ म्हणतो आणि गव्हाची पोळी मात्र बाजूला सारतो. तेव्हा त्या बाईंना हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्यापेक्षा, हे चीज त्यांच्या घरी आले कसे, ते पाहावे हे बरे.

हंगेरियन माणसाचे दुधाशी नाते मात्र फार जुने आहे. हे लोक मूळचे पूर्वेकडच्या गवताळ मैदानांतले, घोडे आणि गुरे पाळणारे. चीजला ते ‘शाय्त’ म्हणतात आणि हा शब्द वाटेत भेटलेल्या तुर्की वंशाच्या टोळ्यांकडून त्यांनी उचललेला आहे. गाईला ते ‘तेहेन’ म्हणतात, आणि भाषापंडित हा शब्द प्राचीन आर्य भाषांतून घेतलेला मानतात. म्हणजे आपल्या ‘धेनू’चा तो दूरचा आप्त! बाजारात भाव विचारला की ‘एझेर’ हा शब्द वारंवार कानी येतो. तो तर आपला ‘हजार’च. नव्वद-शंभर पिढ्यांपूर्वी कुठल्यातरी कुरणावर झालेली ही शब्दांची देवघेव आज एका चीजच्या गाळ्यासमोर मराठी माणसाला ओळख दाखवते, याची गंमत वाटल्याशिवाय राहत नाही.

त्यांचे घरगुती दुग्धान्न म्हणजे ‘तूरो’. चव आणि रूप यांत आपला चक्का आणि पनीर यांच्या मधोमध बसेल असे. ते गोडातही चालते, शेवयांसारख्या पदार्थांवरही चालते. डोंगराळ उत्तरेकडे, लिप्तो नावाच्या प्रांतात, धनगर मेंढीच्या दुधाचे खारे चीज करीत. त्यात पाप्रिका, कांदा, शहाजिरे घालून जे लालसर वाटण होते ते हंगेरीत अजून आवडीने पावाला लावतात. परंतु १९२० साली, पहिल्या महायुद्धानंतर, त्रियानोंचा तह झाला आणि हंगेरीच्या जुन्या राज्याचा दोन तृतीयांश मुलूख गेला. त्यात लिप्तोही गेले. ते आज स्लोव्हाकियात आहे. चीजचे नाव इकडे राहिले आणि गाव सीमेपलीकडे गेले. त्रापिश्ताची गोष्ट नेमकी याच्या उलट आहे. त्याचे गाव कधीच इकडे नव्हते.

ही गोष्ट सुरू होते सतराव्या शतकात, फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातल्या ला त्राप या मठात. रांसे नावाच्या एका श्रीमंत, विलासी धर्माधिकाऱ्याला उपरती झाली. त्याने १६६४ साली या मठाचा ताबा घेऊन तिथे कडक शिस्त घातली. पहाटे उठावे, प्रार्थना करावी, शेतात राबावे, मांस-मासे खाऊ नयेत, आणि बोलू नये. ट्रॅपिस्ट साधू जन्मभर मौनाची शपथ घेतात असे म्हणतात ते तितकेसे खरे नाही. पण गरजेपुरतेच बोलायचे हा त्यांचा नियम असे आणि दिवसभराचे व्यवहार ते हातांच्या खुणांनी करीत. दुसऱ्याच्या दानावर जगायचे नाही, स्वतःच्या हातांनी मिळवून खायचे, ही तर सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टची आज्ञाच होती. आपल्या सावता माळ्याला जसा मळ्यातच पांडुरंग भेटला, तसे या लोकांचे. प्रार्थना आणि कुदळ यांत त्यांनी भेद मानला नाही.

शेत आले की खतासाठी गुरे आली, गुरे आली की दूध आले. ते उरले की टिकवायचे कसे? त्याचे उत्तर चीज. शिवाय चीजला गडबड चालत नाही. ठरलेल्या वेळी ठरलेले काम रोज करणाऱ्या माणसांचा तो धंदा आहे. फ्रेंच राज्यक्रांतीने मठ बंद केले तेव्हा हे साधू देशोधडीला लागले; नेपोलियनच्या पतनानंतर, १८१५ च्या सुमारास, काही जण परतले आणि त्यांनी पोर-द्यु-साल्यू या नव्या मठात एक मऊ, सौम्य चीज करायला सुरुवात केली. पुढे जिथे जिथे ट्रॅपिस्ट गेले तिथे तिथे ही विद्या त्यांच्याबरोबर गेली.

हंगेरीच्या दिशेने ती नेणाऱ्या माणसाचे नाव फ्रान्झ फानर. ऑस्ट्रियाच्या डोंगराळ फोरार्लबर्ग प्रांतात १८२५ साली एका शेतकऱ्याच्या घरी तो जन्मला. धर्मगुरू म्हणून बरीच वर्षे काढल्यावर अडतिसाव्या वर्षी तो ट्रॅपिस्ट झाला. १८६९ साली काही सोबती घेऊन तो थेट तुर्की सुलतानाच्या मुलखात, बोस्नियातल्या बान्या लुका या गावाजवळ आला. चारशे वर्षे मुसलमानी अंमल असलेल्या या प्रदेशात अनोळखी भाषा बोलणारे, किंबहुना फारसे न बोलणारेच, हे साधू व्रबास नदीच्या काठी कुदळ मारू लागले. मठाचे नाव त्यांनी ठेवले ‘मारियाश्टेर्न’, म्हणजे मेरीचा तारा. त्यांनी पाणचक्की घातली, विटा भाजल्या, दारूभट्टी काढली. अनाथ मुलांना आसरा दिला आणि सुतारकी, लोहारकी असले उद्योग शिकवले. १८७८ साली बर्लिनच्या परिषदेने बोस्निया ऑस्ट्रिया-हंगेरीच्या हवाली केला. १८८२ पासून वीसेक वर्षे तिथला कारभार पाहणारा मंत्री बेन्यामिन काल्लाय हा स्वतः हंगेरियन होता. १८८० च्या दशकात मठातले चीज बाजारात आले तेव्हा व्हिएन्ना आणि बुडापेस्ट या दोन्ही राजधान्यांचे दरवाजे त्याला उघडे होते.

फानर मात्र हे पाहायला थांबला नाही. १८८० मध्ये तो दक्षिण आफ्रिकेला निघून गेला आणि १८८२ च्या अखेरीस नाताळमध्ये दर्बानजवळ त्याने मारियानहिल नावाचा मठ उभारला. आणि इथे या चीजच्या कुंडलीत आपल्या ओळखीचे एक माणूस येते. १८९५ साली एक तरुण हिंदी वकील हा मठ पाहायला गेला. साधू मांसाशन करीत नाहीत, काळ्या-गोऱ्यांत भेद मानत नाहीत, स्वतःच्या हातांनी राबतात, हे पाहून तो इतका भारावला की लंडनच्या ‘व्हेजिटेरियन’ नियतकालिकात त्याने त्यावर लेख लिहिला. हा वकील म्हणजे मोहनदास गांधी. पुढे त्यांचे मित्र कालेनबाख याच मठात जाऊन चपला शिवायला शिकले आणि ती कला त्यांनी टॉल्स्टॉय आश्रमात आणली. शरीरश्रमाचे व्रत गांधीजींनी एकट्या ट्रॅपिस्टांकडून घेतले असे कोणी म्हणणार नाही; पण बुडापेस्टच्या पोराच्या डब्यातले चीज आणि आश्रमातल्या चपला एकाच माणसाने पेरलेल्या झाडाची फळे आहेत, हे मात्र खरे.

चीज हंगेरीत आले, पण तिथे रुजले कसे? ते समजून घ्यायला मी बुडापेस्टहून पश्चिमेची गाडी धरली आणि ऑस्ट्रियाच्या सीमेलगतच्या मोशोनमज्यारोवार या गावी उतरलो. आज हे गाव दातांच्या दवाखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. ऑस्ट्रियन लोक स्वस्तात कवळी करून घ्यायला इथे येतात आणि रस्त्यारस्त्यावर हसऱ्या दातांच्या पाट्या दिसतात. पण जुन्या किल्ल्यात १८१८ पासून शेतकी शिक्षण चालत आले आहे. इथेच उय्हेयी इम्रे या पशुवैद्याने १९०३ साली दुधाची प्रयोगशाळा काढली. गुरांचा क्षय हटवण्यासाठी त्याने हयात घालवली, शेतकऱ्यांना संघटित करून दूध-सोसायट्या उभ्या केल्या. मठात जे ज्ञान हातांच्या सवयीत होते ते अशा ठिकाणी थर्मामीटरवर आणि वहीत उतरले. निरोगी गाय, स्वच्छ दूध आणि मोजलेली उष्णता असली की साधूवाचूनही साधूंचे चीज होऊ शकते, हे विसाव्या शतकाने सिद्ध केले.

कृती तशी साधी आहे. दूध कोमट करून त्यात विरजण आणि रेनेट घालायचे. दही घट्ट जमले की त्याचे वाटाण्याएवढे तुकडे करायचे. मग सुटलेले पाणी थोडे काढून तेवढेच साधे पाणी घालायचे. या धुण्यामुळे आंबटपणा जातो आणि चीज सौम्य होते. साच्यात भरून दाबायचे, मिठाच्या पाण्यात बुडवायचे आणि थंड तळघरात काही आठवडे पिकत ठेवायचे. रेनेट हे मूळचे वासराच्या जठरातले पाचक द्रव्य. स्वतः मांस न खाणाऱ्या साधूंनी त्याचा विचार कसा केला असेल, हा प्रश्न माझ्या मनात आला खरा. आता बुरशीपासून किंवा जंतूंकडून बनवून घेतलेले रेनेटही सर्रास वापरतात. कट्टर शाकाहाऱ्याने वेष्टनावरची बारीक अक्षरे वाचावीत.

१९४८ च्या सुमारास नवे कम्युनिस्ट सरकार आले आणि हंगेरीतले दुधाचे कारखाने सरकारजमा झाले. मालकांची नावे पाट्यांवरून पुसली गेली. देवाधर्माचे नाव न घेणाऱ्या या सरकारने मठही बंद केले. पण दुकानात विकायला ठेवलेल्या चीजचे नाव मात्र साधूंचेच राहिले! कारण सरळ होते. सरकारी कारखान्याला एकच माल पुष्कळ काढायचा होता. त्रापिश्ता लवकर पिकते, सुबक कापले जाते, किसले जाते, वितळते, आणि म्हाताऱ्यापासून पोरापर्यंत कोणाच्याही जिभेला खटकत नाही. हंगेरीचे ‘पालपुस्तॉई’ नावाचे स्वतःचे एक चीज आहे. बुडापेस्टच्या हेलर पाल नावाच्या कारखानदाराच्या नावावरून ते नाव पडले असे सांगतात. पण त्याचा दर्प असा की घरात पुडा उघडला तर शेजारी दार लावून घेतील! असले चीज मूठभर रसिकांचे होते. राष्ट्राचे होत नाही. राष्ट्राचे झाले ते बोस्नियातून आलेले पाहुणे.

१९९० नंतर कारखाने पुन्हा खाजगी झाले, त्यांतले बरेच परक्या कंपन्यांनी घेतले. २००४ साली हंगेरी युरोपीय संघात गेली आणि शेजारच्या देशांत केलेले ‘त्रापिश्ता’ही हंगेरीच्या दुकानांत आले. नावावर कोणाचीच मालकी नाही; जो करील त्याचे. २०२२ च्या अखेरीस महागाईचा असा भडका उडाला की खाद्यपदार्थांचे भाव वर्षभरात चाळीस टक्क्यांहून अधिक चढले. साऱ्या युरोपीय संघात तो उच्चांक होता. आपल्याकडे जसा कांद्याच्या भावावरून काळ ओळखतात, तसा तिथल्या गृहिणी त्रापिश्ताच्या भावावरून ओळखतात. फळीवर चीजच्या शेजारीच वनस्पती तेलाच्या, दिसायला तशाच वड्या असतात. त्यांना कायद्याने चीज म्हणता येत नाही, पण त्या स्वस्त असतात. पोराच्या डब्यात आज कोणती वडी जावी, हा प्रश्न मग भाषेचा किंवा इतिहासाचा राहत नाही.

क्रोएशिया ओलांडून, सावा नदीच्या पुलावरून मी शेवटी बान्या लुकाला गेलो. व्रबासचे पाणी गर्द हिरवे आहे. गावाबाहेर झाडीत मारियाश्टेर्नचा मठ उभा आहे. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर इथे दोनशेच्या आसपास साधू होते. जगातल्या मोठ्या ट्रॅपिस्ट मठांत त्याची गणना होई. मग एक युद्ध, दुसरे युद्ध; नंतर युगोस्लाव्हियाच्या सरकारने जमिनी आणि उद्योग ताब्यात घेतले; १९६९ च्या ऑक्टोबरात भूकंपाने भिंती फोडल्या; १९९० च्या दशकात पुन्हा युद्ध. त्यात या भागातले बहुतेक कॅथलिक परागंदा झाले. आता साधू उरले आहेत ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. १८७३ साली त्यांनी सुरू केलेली बिअरची भट्टी शहरात अजून चालते, पण तिचा मठाशी संबंध कधीच तुटला. चीज मात्र अलीकडे पुन्हा होऊ लागले आहे. मठाच्या नावाने, जवळच्या एका शेतावर, थोडेसेच.

मी त्याचा एक तुकडा विकत घेतला. हंगेरीतल्यापेक्षा तो थोडा कडक होता, साल जाड, चव खोल. चांगला होता यात शंका नाही. पण ‘हे खरे आणि ते खोटे’ असे म्हणायला जीभ रेटेना. इथल्या साधूंनी आपली नावे कुठे कोरून ठेवली नाहीत. चीज केले, विकले, त्यावर अनाथ मुले पोसली आणि ते मठाच्या मागच्या दफनभूमीत निजले. एका मुलखाला ते आपले ‘घरचे’ वाटेल, त्या मुलखातल्या दुकानदार बाई अभिमानाने त्यावर सुरी ठेवतील, असा हिशेब त्यांनी केला नसणार.

आपल्या मराठीत कष्ट फळाला आले की ‘कष्टांचे चीज झाले’ म्हणतात. या चीजचा त्या चीजशी काही संबंध नाही. एक शब्द इंग्रजीतून आला, दुसरा फारसीतून. पण त्या मठाच्या ओसरीवर, हातात तो पिवळा तुकडा धरून बसलो असताना मला दोन्ही शब्द एकच वाटले.